पायातली भीती

ज्या माणसानं मला मोटार शिकवली, त्याच्या तोंडावर मी आधी चाबूक ओढला होता. नंदुरबार स्टेशनाबाहेर टांग्यांचा अड्डा होता आणि आम्ही तिथले तीन पिढ्यांचे टांगेवाले. एका सकाळी त्यानं माझ्या घोडीच्या कानाशी मोटारीचा भोंगा दाबला. घोडी बिथरून गटारीत गेली, तिचा पुढचा पाय मोडला. मी उडी टाकली आणि त्याच्या गालावर चाबूक हाणला. तो खाली उतरला. पहिल्या महायुद्धात इराकात बसऱ्याला फौजेच्या गाड्या हाकून आलेला आडदांड गडी होता तो. त्यानं मला धुळीत लोळवून असा तुडवला की आठ दिवस मला कूस बदलता येईना. घोडी मारावी लागली. ते काम मीच केलं.

पंधरा दिवसांनी तोच माणूस माझ्या दारात उभा. गालावरचा वळ काळा पडला होता. म्हणाला, "भो, मन्हा डोळामा मोतीबिंदू उतरी ऱ्हायना. सेठ नवा माणूस मांगस. तुन्हा हातमा जोर शे. येस का?"

मला त्रेचाळीसावं लागलं होतं. बायको म्हणाली, आता शिंगं मोडून वासरांत शिरणार का? तिचं खरं होतं. पण दारात घोडी नव्हती, आणि ज्या मोटारीनं आमच्या अड्ड्याचं वाटोळं केलं तिच्यावर एकदा मांड ठोकून बसावं, असा डोक्यात राग होता. मी नंदुरबार सोडून त्याच्याबरोबर दहिवेलला गेलो. त्या दिवसापासून त्याला उस्ताद म्हणू लागलो.

आमच्या सेठची गाडी दहिवेलहून निघायची, कोंडाईबारीचा घाट उतरायची आणि खांडबाऱ्याला आगगाडीवर माणसं पोचवायची. तिथं आगगाडीतून उतरलेली माणसं भरून परत वर. दुसऱ्या एका सेठची गाडीही त्याच वेळेला निघे. जी आधी स्टेशनात शिरेल तिला माणसं, आमच्या बोलीत 'सीट', मागचीनं माशा माराव्यात. म्हणून रोज घाटात शर्यत. आमच्या सेठनं मला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, होळीच्या बाजारापर्यंत पहिला येऊन दाखव, नाहीतर जागा दुसऱ्याला देतो आणि तुझ्या उस्तादालाही घरी बसवतो.

सपाटीवर मी महिन्याभरात हात बसवला. घाटात मात्र माझी पाचावर धारण बसायची. आणि त्याहून वाईट म्हणजे माझे पाय. टांग्याचं जनावर उधळलं की टांगेवाला काय करतो? दोन्ही पाय पुढच्या फळीला रोवतो आणि अंग मागं टाकून लगाम खेचतो. पंचवीस वर्षं मी तेच केलं होतं. घाटात वळण अंगावर आलं की माझे दोन्ही पाय आपोआप रोवले जायचे. डावा क्लचवर, उजवा रेसवर. इंजिन बोंबलायचं, गाडी गेरमधून सुटायची आणि उतारावर मोकाट धावायची. आणि मी येडा, स्टेअरिंग छातीशी ओढत "हो, हो" करत बसायचो.

"हाई घोडं नही शे!" उस्ताद ओरडायचा. इंजिनाच्या पंख्याचा जुना पट्टा त्याच्या हातात असे. पाय रोवला की गुडघ्यावर फटका. त्या पट्ट्यानं माझ्या गुडघ्यांची सालटी काढली. एकदा मी गाडी मधेच उभी केली आणि त्याचा गळा धरला. त्यानं कपाळानं माझं नाक फोडलं, स्वतःच्याच पटक्यानं रक्त पुसलं आणि म्हणाला, "भीती डोकामा ऱ्हाऊ दे. पायमा उतरू देऊ नको. चाल, परत वर ले."

त्याचं शिकवणं उलटं होतं. हळू चालवून भीती जात नाही म्हणायचा, उलट मुरते. दिवसातून सहा-सहा वेळा रिकामी गाडी वर न्यायची आणि भरधाव खाली सोडायची. वळणाच्या आत शिरण्याआधी ब्रेक, शिरल्यावर ब्रेकला हात नाही की पाय नाही, तिथं इंजिनानं ओढायचं. नजर वळणाच्या टोकाला. "दरीकडे देखशी ते दरीमाच जाशी." मी दोनदा गाडी डोंगराला घासली. एकदा रस्त्यातला बैल उडवला. बैलवाल्यांनी काठ्यांनी आम्हा दोघांना सोललं, आणि मार खाताना उस्ताद मलाच शिव्या देत होता.  पण माघाच्या अखेरीला एक दिवस असा आला की पट्टा एकदाही पडला नाही. त्या दिवशी मला रडू आलं. मी ते लपवलंही नाही.

दुसऱ्या गाडीचा ड्रायव्हर माझ्याहून दहा वर्षांनी लहान, हाताचा फार साफ. त्याच्याशी माझं खांडबाऱ्याच्या स्टँडवर एका प्रवाशावरून जुंपलं होतं. त्या बिचाऱ्याचा एक हात मी ओढत होतो, दुसरा तो. मग आम्ही इंजिन फिरवायची लोखंडी हँडलं काढली. माझे दोन दात गेले, त्याचा कान फाटला. तरी ड्रायव्हर लोकांत दोन गोष्टी पक्क्या होत्या. पडलेली गाडी दिसली तर थांबायचं, वैऱ्याची असली तरी. आणि एकमेकांचं नाव सरकारात सांगायचं नाही.

होळीचा बाजार आला. दोन्ही गाड्या टपापर्यंत भरल्या. तो माझ्या पुढं निघाला. घाटाच्या तोंडाशी मी त्याला गाठलं. तिसऱ्या वळणावर त्यानं ब्रेक मारला, मी नाही मारला. डोंगराच्या बाजूला जागा दिसली आणि मी घुसलो. पाय जिथं हवे तिथंच होते. भीती वाटली, नाही असं नाही, पण ती डोक्यातच राहिली. दोन गाड्यांची अंगं एकमेकांवर घासली, पत्रा किंचाळला. मी त्याला बाहेर रेटला. मुद्दाम रेटला, आज खोटं कशाला बोलू? तो कडेला सरकला आणि मी पुढं आलो. मग मागं धडाड असा आवाज झाला आणि बायकांच्या किंकाळ्या.

माझा पाय ब्रेकवर गेला. शेजारी बसलेला उस्ताद समोर बघत होता. "थांबू नको," म्हणाला. "सीट जाई."

मी पाय उचलला. खांडबाऱ्याला आम्ही पहिले पोचलो. आगगाडीची सगळी माणसं आम्हालाच मिळाली. मी चहासुद्धा प्यायलो.

परत चढताना त्या वळणावर त्याची गाडी नाल्यात चाकं वर करून पडलेली होती. तीन तास उलटून गेले होते. बाजाराच्या गर्दीत रस्त्यानं बैलगाड्याच काय त्या होत्या, त्यांना साक्रीचा दवाखाना गाठायला रात्र झाली असती. तो रस्त्याच्या मधोमध उभा होता, खांदा उतरलेला, तोंड रक्तानं माखलेलं. बाकीचे उतारू खरचटलेले, कडेला बसलेले; त्याच्या पायाशी एक बाई झोपवलेली. तिची मांडी पत्र्यानं चिरली होती आणि लुगडं चिंब लाल. मी माझी माणसं खाली उतरवली. कोणी कुरकुर केली, त्याच्या मी कानाखाली वाजवली. बाईला आत घेतलं. तो शेजारी बसला. उस्तादाला मी मागं बसायला सांगितलं.

"चाल भो," शेजारचा ड्रायव्हर एवढंच बोलला, "जोरमा हाक."

मी हाकली. साक्रीच्या दवाखान्यापर्यंत जशी हाकली तशी मी जन्मात पुन्हा हाकली नाही. घाटाची वळणं मी कधी कापली ते कळलंही नाही. गेर, ब्रेक, रेस, सगळं जागच्या जागी. उस्तादानं शिकवलेली एक गोष्टसुद्धा चुकली नाही. मागून बाईचं कण्हणं येत होतं, दहिवेल गेल्यावर ते थांबलं.

डॉक्टरांनी तिचं मनगट धरलं आणि सोडलं. म्हणाले, रक्त सगळं वाहून गेलंय, वेळेत आणली असती तर पाय गेला असता, बाई वाचली असती. मग आम्हा दोघांकडं बघून त्यांनी विचारलं, गाडी केव्हा पडली?

 त्या ड्रायव्हरनं माझ्याकडं पाहिलं नाही.

"आतेच पडनी, साहेब," तो म्हणाला. "हाऊ भो मांगेच व्हता. लगेच थांबना."

डॉक्टरांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी तो तसाच राहू दिला. दुसऱ्या दिवशी सेठनं जागा माझ्या नावानं पक्की केली, आणि पुढची अकरा वर्षं त्या घाटात मीच गाडी चालवली.