सोबतीचे तास

सुधाताई मला पहिल्यांदा दिसल्या त्या महाराज बाड्यावरच्या भाजीबाजारात, कोथिंबिरीची जुडी नाकाशी धरून उभ्या. अंगावर पांढरं नऊवारी लुगडं, डोक्यावर नीट पदर, आणि त्या पदरावर, कपाळाच्या वर सरकवलेला, कातडी पट्ट्याचा भला मोठा चष्मा. भाजीवाल्याचंही लक्ष त्या चष्म्यावरच होतं.

"माताजी, ये मोटर का चश्मा है क्या?"

"हवाई जहाज का," सुधाताई म्हणाल्या. "धनिया ताज़ा दे."

साल अडतीस असावं. मला वाटलं, बाईंना थट्टेची आवड आहे. तेवढ्यात टांग्यातून हाक आली, "बाई!" ती सरोजिनी, शाळेत माझ्याकडे गणित शिकलेली. ही तिची आत्या. थट्टा नव्हती, हे मला तिथंच टांग्यापाशी उभ्याउभ्या कळलं.

सरोजिनीचे वडील रिसालदार होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एकुलत्या मुलीला घोड्यावर बसवलं, आणि हजीरा वस्तीच्या पलीकडच्या मैदानावर एका हौशी जमीनदाराने विमानांचा क्लब काढला तेव्हा विमानातही. हौशी उड्डाणाचा पहिला परवाना तिला त्यांच्या देखतच मिळाला. पुढच्या पावसाळ्यात ते गेले. जाताना विधवा बहिणीला, म्हणजे सुधाताईंना, म्हणाले, "पोरीला उडू दे. पण तिची सोबत सोडू नकोस."

सुधाताईंनी सोबत सोडली नाही. त्या लहानशा विमानात दोनच खुर्च्या, एकीपुढे एक. सरोजिनी मागे बसून चालवायची. पुढच्या खुर्चीत सुधाताई, काष्टा घट्ट मारून, पदरावरून चष्मा चढवून, आणि चष्म्याच्या आत डोळे गच्च मिटून.

"उघडून काय करू?" त्या मला म्हणाल्या होत्या. "मी सोबतीला जाते, बघायला नाही."

सरोजिनीला आता धंदेवाईक परवाना हवा होता. लखनौच्या एका क्लबात शिकवण्याची जागा होणार होती. दिवाळीपर्यंत परवाना दाखवला तर ती तिची. त्यासाठी एकटीने उडवलेले शंभर तास लागत. तास-मिनिटांची बेरीज तिने माझ्याकडून तपासून घेतली. शंभराच्या वरच भरली. कागद दिल्लीला गेले आणि तसेच परत आले. पुढच्या खुर्चीत माणूस असेल तर ते तास एकटीचे धरता येत नाहीत, असा शेरा. म्हणजे आत्याच्या सोबतीत उडालेले सगळे तास गेले. वडील असतानाचे उरले, ते अगदीच थोडे.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा क्लबातले शिक्षक मानसिंगराव आधीच येऊन बसले होते.

"चालवत ही होती, ताईसाहेब नुसत्या बसल्या होत्या," ते म्हणाले. "मग एकटीनेच चालवलं ना? मैं तो यही समझा."

"मी तर बोलतसुद्धा नव्हते," सुधाताई म्हणाल्या. "मनातल्या मनात देवाचं नाव. तेही धरतात का?"

"तुमचं वजन धरतात, आत्यासाहेब," सरोजिनी म्हणाली.

"आता वजनावर आली कार्टी!" मग त्या माझ्याकडे वळल्या. "बाई, तुम्ही गणिताच्या. विमानात दोघी बसल्या. एकीने चालवलं, एकीने डोळे मिटले. उडाल्या किती जणी?"

ते गणित मी अजून मांडते आहे.

सरोजिनी म्हणाली, "आत्यासाहेब, उद्यापासून मला एकटीला जाऊ द्या. दिवाळीपर्यंत होतील तास."

"दादाला शब्द दिलाय मी."

"मग लखनौ राहिलं."

सुधाताई लुगड्याचा काठ बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या. मग मला म्हणाल्या, "सोबत किती अंतरावरून चालते हो, बाई?"

मानसिंगराव मान खाजवत म्हणाले, "रिसालदारसाहेब तर टांग्याजवळ उभे असायचे."

"म्हणजे? आत बसत नव्हता दादा?"

"एकदाही नाही. पोरगी वर गेली की मान वर. उतरली की पान काढायचे."

सुधाताई त्यांच्याकडे वळल्या. "मग हे मला इतके दिवस कोणी सांगितलं का नाही?"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला हौस आहे."

"हौस! उलटी आवरता आवरता जीव गेला माझा!"

"मला वाटलं," सरोजिनी हळूच म्हणाली, "बाबांच्या मागे तेवढाच तुमचा जीव रमतो."

हसावं की काय करावं, आम्हा कोणालाच कळेना. पहिल्यांदा सुधाताईच हसल्या, आणि मग डोळ्यांना पदर लावला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीही मैदानावर गेले. सुधाताई टांग्याजवळ उभ्या राहिल्या, भाऊ उभा राहत असे तिथंच. जागा त्यांनी मानसिंगरावांना दोनदा विचारून घेतली. विमान धावलं आणि वर गेलं. सुधाताईंनी सवयीने डोळे मिटले, मग दचकून उघडले आणि घाईघाईने चष्मा चढवला.

"गेली कुठे?"

"किल्ल्याच्या अंगाला," मी म्हटलं.

"वर बरं होतं हो," विमानावरची नजर न काढता त्या म्हणाल्या. "डोळे मिटता यायचे."

सरोजिनी उतरली ती हसत आली. "आज विमान लवकर उचललं, आत्यासाहेब!"

"कळलं. मी जड होते."

दिवाळीच्या आत तास पुरे झाले, परवाना आला, सरोजिनी लखनौला गेली. सुधाताई तिला स्टेशनपर्यंत पोचवायला गेल्या. फलाटावर उभ्या राहिल्या, डब्यात चढल्या नाहीत.

त्याला आता सात-आठ वर्षं झाली. सुधाताई हजीऱ्यात राहतात. गल्लीतल्या चार मुलींना रोज शाळेपर्यंत सोबत करतात, आणि फाटकाबाहेरून परत फिरतात.