ओढा, सोडा आणि भांडा

आमच्या रिसोडच्या ऑफिसातले किस्से साठवायला आता वेगळी हार्ड डिस्क घ्यावी लागेल. ऑफिस म्हणजे खाली बियाण्यांचं दुकान आणि वर आम्ही तिघं. दुकानदाराला स्वतःची वेबसाइट स्वतःच सजवता यावी म्हणून आम्ही एक एडिटर बनवलाय. फोटो बोटाने ओढा, हवा तिथे सोडा, झालं! त्यातलं डिझाइन माझं आणि भाषण आमचे मालक विलासभाऊ यांचं. "गिऱ्हाइकाले मोकळीक द्या, थो तक्रार घेऊन पुन्हा आपल्याकडं फिरकनारच नाही!"

तेव्हापासून आमच्या जिन्यात चपला काढायला जागा उरत नाही. या मोकळिकीपायी एक चांगलं चालतं मंगल कार्यालय बसायची वेळ आली होती, ते शेवटी सांगते.

*

पहिलं गिऱ्हाईक खालचेच बियाणेवाले बंडूकाका. एडिटरमध्ये रंगांचा तक्ता आहे, त्यातले एक-दोन निवडायचे. काकांनी सगळे वापरले! दर ओळीचा रंग वेगळा आणि मागे गडद जांभळा. सोयाबीनच्या वाणांची नावं वाचता वाचता माझ्या डोळ्यांना पाणी आलं.

"काका, दोन रंग पुरे होते हो."

"फुकट देऊन राह्यल्या ना? मंग बाकीचे कायले ठेवू, सडवाले?"

*

एका सरपंचांनी गावासाठी पेज घेतलं. रिकाम्या चौकटीत आम्ही 'येथे आपली माहिती लिहा' असं टाकून ठेवतो. ते पुसून आपला मजकूर भरायचा. दिवाळी गेली, होळी आली, चौकट जशीच्या तशी. शेवटी मीच फोन केला, तर साहेब माझ्यावरच तापले.

"मी त गावात दवंडी देली, या आन आपापली माहिती लिहा म्हून. कोनी येऊनच नाही राह्यलं! लोकायलेच विकास नाही पाह्यजे, मॅडम!"

*

कारंज्याच्या एका कापडवाल्यांच्या पेजवर 'आमचे संचालक' या मथळ्याखाली सूट घातलेला एक गोरा, निळ्या डोळ्यांचा माणूस हसत होता. तो आमचा नमुन्याचा फोटो. गिऱ्हाइकाने बदलावा म्हणून ठेवलेला.

"शेठ, हा काहून ठेवला?"

"राहू द्या. काकाचा लावला त मामा रुसते, मामाचा लावला त काका. हा कोनाचाच नाही!"

मला हसू आलं, पण माणूस शहाणा होता. ते पुढे कळलं.

*

तर ते मंगल कार्यालय. आसेगावकडचे दोन सख्खे भाऊ, सुधाकरदादा आणि धाकटे दिनकर, दोघांच्या मालकीचं. आमच्याकडे चौकातल्या बॅनरवर ज्याचा फोटो मोठा तो माणूस मोठा. तीच रीत यांनी वेबसाइटवर आणली. सकाळी दादांनी आपला फोटो ओढून मोठा करायचा, दुपारी दिनकरने आपला त्याहून मोठा. होता होता हॉलचा फोटो दोन मिशांच्या मधे टिकलीएवढा उरला आणि बुकिंगचा नंबर तर पानाबाहेरच गेला.

एका नवरीच्या मामांनी पानाच्या तळाचा आमचा नंबर शोधून थेट आम्हालाच फोन लावला. "मॅडम, हे दोघं इलेक्शनले उभे हायेत काय? हॉल कुठी हाय?" आणि त्यांनी दुसरीकडे बुकिंग केलं!

लग्नसराई तोंडावर आणि यांच्याकडे एकही तारीख लागलेली नाही. मी कुलपाचं बटण केव्हाच बनवून ठेवलं होतं. ते लावलं की पासवर्ड ज्याच्याकडे, त्यालाच फोटो हलवता येतो. दोघांनाही वेगवेगळा फोन केला. दोघांचंही उत्तर एकच: "लावा की! पासवर्ड तेवढा मले द्या, त्याले सांगू नोका."

विलासभाऊंना विचारलं, तर ते म्हणाले, "मोकळीक!" मला इतका राग आला की त्या दिवशी मी त्यांच्याशी बोललेच नाही.

*

चार दिवसांनी एसटीने एक म्हाताऱ्या बाई आल्या. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. दोघा भावांची आई.

"पोरी, थे पेजवरचे फोटू कसे काढतात, मले दाखव."

मी दाखवलं. त्यांनी बोटाने थोरल्याला ओढून बाहेर टाकलं. मग धाकट्याला. हॉलचा फोटो पानभर केला आणि नंबर वर आणून ठेवला.

"आता कुलूप लाव. पासवर्ड माह्यापाशी ऱ्हाईल."

विलासभाऊंनी तोंड उघडलं. बाईंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंनी तोंड मिटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सुधाकरदादांचा फोन, मागून दिनकरचाही आवाज. दोघं एका फोनवर, हे पहिल्यांदाच!

"मॅडम, आमच्या पेजवर आमीच नाही! कोनं काढलं? पासवर्ड कोनापाशी हाय?"

"तुमच्या आईजवळ."

मग दादा हळूच म्हणाले,

"नाही म्हंजे... हॉल चांगला दिसून राह्यला."

मागून दिनकर, "लयच चांगला!"