न मागितलेली गाणी

बँड काढला की गाणी जमायला वेळ लागतो, किस्से मात्र पहिल्या दिवसापासून साठायला लागतात. आम्ही कुठेही भेटलो, कोणाच्या वाढदिवसाला किंवा नुसतंच टपरीवर, की कोणीतरी म्हणतंच, "ऋजू, तो म्हशीचा सांग ना!" मग एकातून दुसरा निघतो आणि चहा गार होतो. आमची गाणी एवढ्या प्रेमाने कोणी मागितली असती तर हे लिहायला मला वेळच मिळाला नसता!

तर आम्ही तिघं. मी गाते आणि गिटार वाजवते. तन्वी बेस गिटार वाजवते, कमी बोलते आणि बोलली की वाट लावते. ड्रमवर ओमकार. नाहूरला त्याच्या घरी, तळमजल्यावरच्या खोलीत आमची प्रॅक्टिस चालते, म्हणून बँडचं नाव 'खालचा मजला'. नियम एकच आणि तो माझा: फक्त स्वतःची गाणी, तीही मराठीत; कव्हर, म्हणजे दुसऱ्यांचं गाणं आपण वाजवणं, बंद. दुसऱ्यांची हिट गाणी ऐकायची असतील तर ब्लूटूथ स्पीकर आहे की!

नियम ओमकारलाही मान्य होता. पण भांडुपची एक बेंजो पार्टी त्याच्या मागे लागली होती. हळदी, मिरवणुका, सगळा सीझन बुक. तो त्यांना नाही म्हणायचा, पण प्रत्येक वेळी आधीपेक्षा जरा हळू आवाजात. एकदा आम्हाला म्हणाला, "मला जास्त काय नको यार. आपलं एखादं गाणं लोकांनी स्वतःहून मागू दे. एकदाच. मग मी कुठे जात नाही."

एकदाच! मला वाटलं, त्यात काय मोठंसं!

*

आमचा पहिला शो अंधेरीच्या एका कॅफेत. अंधेरीचा कॅफे म्हणजे प्रत्येक टेबलावर एक लॅपटॉप आणि प्रत्येक लॅपटॉपमागे एक लेखक. आम्ही जीव तोडून वाजवत होतो आणि समोर सगळे आपापल्या वेबसीरिज लिहीत होते.

दुसऱ्या गाण्याला एक दाढीवाला उठला आणि थेट आमच्यासमोर येऊन उभा राहिला. हात बांधून, एकटक. गाणं संपेपर्यंत हलला नाही! मी ओमकारकडे बघितलं, ओमकारने माझ्याकडे. आला रे आला, पहिला फॅन आला!

गाणं संपलं. त्याने टाळ्या वाजवल्या, पुढे आला आणि म्हणाला, "एकदम मस्त! आता हा प्लग मी घेऊ का? माझी बॅटरी दोन टक्क्यांवर आहे."

*

प्रॅक्टिसचा त्रास वरच्या मजल्यावरच्या काकूंना होणार, हे आम्ही धरूनच चाललो होतो. त्यामुळे एका रविवारी त्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा मी आधीच सुरुवात केली, "काकू, सॉरी, आवाज कमी करतो."

"आवाजाचं मरू दे गं," काकू म्हणाल्या. "तो मुलगा घरी पोचला की नाही, ते सांग आधी!"

"कोण मुलगा?"

"अगं, तुमच्या गाण्यातला! घरातून भांडून निघतो, पुलावर येऊन उभा राहतो आणि तुम्ही थांबता. परत पहिल्यापासून. परत तो पुलावर! आठवडाभर तो पोरगा पुलावर उभा आहे. माझं कामात लक्ष नाही!"

मी खरं ते सांगितलं, "काकू, पुढचं कडवं अजून सुचलं नाहीये."

काकूंनी आम्हा तिघांकडे आळीपाळीने बघितलं. "मग सुचेपर्यंत त्याला घरातून बाहेर काढू नका!"

*

घाटकोपरच्या एका कॉलेजात शो होता. साउंड चेक सुरू झाला. ओमकारने पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर पहिला ठोका दिला आणि साउंड इंजिनिअर जागच्या जागी वळला. असा गोल, भरलेला, पोटात जाणारा आवाज आमच्या ड्रममधून आजवर कधीच आला नव्हता.

या ड्रमच्या पोटात आवाज दाबायला काहीतरी कोंबावं लागतं. आम्ही एक जुनी गोधडी कोंबायचो. ओमकारने आत हात घातला, तर गोधडी गायब! तिच्या जागी एक गच्च भरलेली पिशवी. त्याने आईला फोन लावला.

"गोधडी धुवूक टाकलंय," आई म्हणाली. "आणि पिशवीत सुको जवळो आसा. मावशीकडे देऊन ये, घाटकोपराकच रवता मां ती? हातात दिलंय तर विसरतंस. ढोल काय विसरूचंस नाय, म्हणान ढोलात घातलंय."

तेवढ्यात इंजिनिअर पळत आला. "बॉस, काय साउंड आहे! आत काय वापरता? कुठलं आहे?"

ओमकारने सुक्या मासळीची ती पिशवी नाकाशी नेली आणि गंभीरपणे सांगितलं, "मालवण."

*

म्हशीचा किस्सा तसा छोटा आहे. आरे कॉलनीत आम्ही व्हिडिओ शूट करायला गेलो. झाडं, वळणाचा रस्ता, मी कॅमेऱ्यात बघून गातेय, सगळं झकास. तेवढ्यात तबेल्याकडून एक म्हैस आली आणि तन्वीच्या मागे उभी राहिली. हाकलली तर जाईना. उजेड जात होता, म्हणून तसंच शूट केलं.

व्हिडिओ टाकला. आम्हाला कधी नव्हे एवढ्या कमेंट आल्या. गाण्याबद्दल एक नाही! 'ती म्हैस तालात मान हलवतेय!' 'म्हशीचं इन्स्टा आहे का?' मी इतकी चिडले की व्हिडिओ काढूनच टाकणार होते.

तन्वीने शांतपणे सगळ्यांना एकच उत्तर लिहिलं, 'त्या पाहुण्या कलाकार होत्या. आमच्यासोबत कायम वाजवायला त्यांनी नकार दिला आहे.'

*

मनोरीला एका कॉटेजमध्ये पार्टी होती. मार्वेहून फेरीबोटीत ड्रम चढवले. त्यातल्या सगळ्यात मोठ्यावर एक कोळीण मावशी टोपली मांडीवर घेऊन निवांत बसली.

"लगीन कोनाचं?" तिने विचारलं.

"लग्न नाही मावशी, आमच्या गाण्यांचा कार्यक्रम आहे."

"हळद?"

"हळदही नाही."

"लगीन नाय, हळद नाय." मावशीने ड्रमवर दोनदा थाप मारली. "मंग वाजवताव कशाला?"

आम्ही हसलो. पण संध्याकाळी तिथे तेच झालं. दुसऱ्या गाण्याला यजमान म्हणाले, "काहीतरी ओळखीचं वाजवा ना." मी म्हटलं, आम्ही ओळखीचं वाजवत नाही. ते म्हणाले, एकच. मी म्हटलं, एकही नाही. मग मी नव्या गाण्याची गरज वगैरे यावर बोलले, बहुतेक जास्तच बोलले. त्यांनी फोन स्पीकरला जोडला. सगळे नाचायला लागले. आम्ही वायरी गुंडाळल्या.

परतीच्या बोटीत ओमकार माझ्याकडे बघत नव्हता.

"एक वाजवलं असतंस तर काय बिघडलं असतं, ऋजू?"

"मग दुसरं मागितलं असतं. मग तिसरं. मग आपण कोण?"

"आपलं गाणं अजून एकदाही कोणी मागितलं नाही आणि बेंजोवाल्यांना उत्तर द्यायचंय मला," तो म्हणाला. "ह्या वेळी नाही म्हणायला काहीतरी कारण दे ना!"

माझ्याकडे भाषण होतं. कारण नव्हतं.

*

आणि मग भांडुप.

ओमकारच्या मामांच्या चाळीत दर वर्षी सत्यनारायण असतो आणि पूजेला डबलबारी. म्हणजे दोन भजनी बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात, आळीपाळीने गातात आणि गाता गाता एकमेकांची खेचतात. त्या वर्षी एका बुवांचा घसा सकाळीच बसला. मामांचा फोन, "ओमकार, तुझी ती पोरां घेऊन ये! समोर कोणतरी बसाक व्हया रे, नायतर डबलबारी कसली!"

"मी भजन गाणार नाही," मी पोचल्या पोचल्या सांगितलं. "आमचीच गाणी गाणार."

"काय व्हया तां गा गो बाय," मामा म्हणाले. "फक्त बस!"

संध्याकाळी मांडव गच्च भरला. एका बाजूला बुवा, पेटी, पखवाज, झांजा आणि पांढरे झब्बे. दुसऱ्या बाजूला आम्ही. आणि तिसऱ्या रांगेत शिऱ्याचा द्रोण घेऊन बसलेले बेंजो पार्टीचे मालक! ते त्याच चाळीतले निघाले.

बुवांनी आमच्या वायरी बघितल्या आणि माइकवर म्हणाले, "समोरची पार्टी विजेवर चालते, मंडळी. लाइट गेली तर सांभाळून घ्या!"

मांडव हसला. मी पेटले. आम्ही आमचं सगळ्यात जोरदार गाणं काढलं, 'थांब जरा, थांब जरा, माझं गाणं राहिलंय'. फोडून काढलं! संपल्यावर टाळी एकही नाही. कोणाच्या तरी घरात कुकरची शिट्टी झाली. बेंजोचे मालक ओमकारकडे बघून मान हलवत होते. ये पोरा आमच्याकडे, अशी ती मान.

बुवांनी डोळे मिटले होते. ते उघडून म्हणाले, "पार्टी चांगली आहे. चालही चांगली आहे. शब्द मात्र ढोलाखाली सापडले. थांबा, मी ओढून काढतो."

आणि पेटीवर आमचीच चाल आली! संथ, पखवाजाच्या ठेक्यावर. "थांब जरा, थांब जरा, नारायणा... प्रसाद माझा राहिलाय!"

मांडव खदखदून हसला. झांजा शिरल्या. मागची मंडळी गायला लागली, मग बायका, मग मामा. बुवा लय वाढवत गेले, आमच्याही पुढे गेले. शिरा वाटणारी माणसं डाव हातात धरून डोलत होती. अख्खा मांडव आमच्या चालीवर टाळ्या वाजवत होता.

"माझी चाल आहे ती!" मी तन्वीच्या कानात ओरडले. "विचारलं तरी का?"

"आपलं कव्हर केलं," तन्वी म्हणाली.

गजर संपला. पुन्हा आमची पाळी. मी पुढच्या गाण्यासाठी गिटार सुरात लावत होते, तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या एका आजींनी हात वर केला.

"बायो, तां आत्ताचा बुवांचा गाणा तुमका येता काय? येत असात तर तांच म्हणा!"

"हो, हो! बुवांचंच होऊ दे!" मागून आवाज आला. मग सगळीकडून. "बुवांचं गाणं! बुवांचं गाणं!"

समोर बुवा पेटीवरचा हात काढून तांब्यातून पाणी प्यायले आणि माझ्याकडे बघत राहिले.

"ऋजू," तन्वी म्हणाली, "दुसऱ्यांची गाणी आपण वाजवत नाही ना?"

मी माइक जवळ ओढला. हे गाणं कोणाचं आहे ते सांगायला तोंड उघडलं, आणि माझ्या मागे ओमकारने काठ्या एकमेकींवर आपटल्या.

"वन, टू, थ्री, फोर!"