बारावी टिकली

माझ्या नवऱ्याची तीस वर्षं सातपूरच्या कारखान्यात गेली. त्यांचा एक नियम होता: ज्या मशीनचा भरवसा नाही, त्याला लाल चिंधी बांधायची. चिंधी दिसली की कुणी बटणाला हात लावायचा नाही, मग साहेब येवो नाहीतर साहेबाचा बाप. पन्नाशी उलटल्यावर मी कॉलेज रोडवरच्या क्लासला जाऊन स्पॅनिश शिकले, भाषांतरं करायला लागले, तेव्हा हा नियम मी सरळ उचलला. फक्त चिंधीच्या जागी टिकली. शब्दाचे दोन अर्थ निघतायत आणि कुठला धरायचा ते ठरत नाही, तर त्याच्यावर लाल टिकली चिकटवायची. खात्री पटली की काढायची.

अशा शब्दांना स्पॅनिशमध्ये तोटा नाही. बँकेला आणि बसायच्या बाकाला एकच शब्द. बाहुलीला आणि मनगटाला एकच. मांजराला जो शब्द, तोच गाडी उचलायच्या जॅकला. या मांजरानंच मला सातपूरचं काम मिळवून दिलं. तिथल्या एका छोट्या वर्कशॉपच्या मालकानं स्पेनहून जुनं प्रेस मशीन आणलं होतं. सोबतचं माहितीपुस्तक त्यानं कॉम्प्युटरकडून इंग्रजीत करून घेतलं, तर पहिल्याच पानावर सूचना आली, मशीनखाली मांजर ठेवा. बिचारा ते पुस्तक काखेत मारून माझ्या दारात उभा.

"काकू, आता हे तुम्हीच करा. मी मांजर कुठून आणू?"

हे मशीन चालवणार होता पेठ तालुक्यातला एक ऑपरेटर. हंगामी मजूर म्हणून आला होता, हळूहळू काम शिकला. पावसाळ्यात आठ दिवस सुट्टी काढून गावी जायचा, भाताची रोपं लावायला. मी अडलेला शब्द घेऊन वर्कशॉपमध्ये गेले की तो मशीनचा तो भाग बोटानं दाखवायचा.

"ताई, हा जबडा. लय जोर हाय त्याला. हात गेला तं गेला, परत नाय यायचा."

पुस्तकात बारा टिकल्या लागल्या. मालक हसायचा, पुस्तकाला कांजिण्या आल्या म्हणायचा. एकेक शब्द मशीनपाशी जाऊन पाहिला, ऑपरेटरला विचारला, तशी एकेक टिकली निघाली. निघालेली टिकली सवयीनं आरशाच्या कडेला चिकटवायची, बायकांना हे सांगायला नको.

अकरा निघाल्या. बारावी 'याव्हे' या शब्दावर होती. याव्हे म्हणजे किल्ली, याव्हे म्हणजे पाना, आणि याव्हे म्हणजे नळीवरचा व्हॉल्व्हसुद्धा. वाक्य एवढंच: झाकण उघडून जबड्यात हात घालण्याआधी याव्हे बंद करा. मशीनला पुढं किल्ली होती आणि मागं हवेच्या नळीवर व्हॉल्व्ह. दुसऱ्या दिवशी जाऊन बघणार होते. तर मालक आदल्या संध्याकाळीच भाषांतराची फाईल न्यायला हजर.

"अजून एक राहिलीच का, काकू? एवढं एक येत नाही होय?"

येत नाही? मला? माझं डोकंच फिरलं. त्याच्यासमोर टिकली उपटली, 'किल्ली' असं इंग्रजीत ठोकून दिलं आणि फाईल त्याच्या हातात आपटली. वर चहाही पाजला.

सकाळी वेणी घालत होते. हे मागं येऊन उभे राहिले.

"बारा झाल्या वाटतं आरशावर. शेवटची कशी निघाली?"

"कशी म्हणजे? काढली."

"अगं, बघून काढलीस की रागानं?"

माझ्या हातातला कंगवा तिथंच राहिला. अर्धी वेणी तशीच पिना लावून वर केली. मालकाला फोन लावला, उचलेना. "अहो, स्कूटर काढा!" म्हणून ओरडले. वाटेतल्या प्रत्येक सिग्नलला शिव्या घातल्या, पण खऱ्या शिव्या मला स्वतःलाच होत्या.

वर्कशॉपमध्ये पोचलो तेव्हा किल्ली बंद होती आणि ऑपरेटरच्या खिशात होती. झाकण उघडं होतं. आत अडकलेला पत्र्याचा तुकडा काढायला तो शर्टाची बाही वर सारत होता.

"हात नका घालू!" मी दारातूनच किंचाळले.

तो दचकून मागं सरला. मालक केबिनमधून पळत आला. ह्यांनी कोपऱ्यातला झाडूचा दांडा उचलला आणि त्या तुकड्याला ढोसला. खाड्! जबडा मिटला, दांड्याचे दोन तुकडे. किल्लीनं वीज बंद झाली होती, नळीतली हवा तशीच कोंडलेली होती.

ऑपरेटर त्या तुकड्यांकडं बघत खालीच बसला. दोन्ही हात त्यानं पोटाशी धरले होते.

"चूक माझी आहे," मी म्हणाले. "मला शंका होती. तुमच्या मालकानं चिडवलं म्हणून मी ती लपवली." आणि मग मला रडूच फुटलं. काम गेलं, हे मी धरूनच चालले होते, आणि जायलाच हवं होतं.

मालकानं फाईल आणून माझ्यापुढं केली. त्याचाही चेहरा उतरला होता. "काकू, मी तुम्हाला हसलो ते चुकलंच. पुन्हा सगळं तपासा. टिकली असली तरी चालेल."

ऑपरेटर उठला. माझ्याजवळ येऊन म्हणाला, "ताई, ती टिकली हाय का? मला द्या."

माझ्या कपाळावरची होती, तीच काढून दिली. त्यानं मशीनच्या मागं जाऊन हवा बंद केली आणि व्हॉल्व्हच्या लाल मुठीवर अंगठ्यानं टिकली दाबून बसवली.

त्या गोष्टीला दीड वर्ष झालं. त्या मालकाची दोन मशीनं मी आणखी केली. पुस्तकासोबत तो टिकल्यांचं पाकीट पाठवतो, नालायक. यंदा दसऱ्याला आम्हा दोघांना पूजेला बोलावलं होतं. मशीनला झेंडूची माळ, व्हॉल्व्हला हळदकुंकू. आरती झाली, सगळ्यांनी हात जोडले. माझे डोळे काही मिटेनात. समोर ऑपरेटर हात जोडून उभा होता आणि मी येड्यासारखी त्याची बोटं मोजत होते. दहा होती.