पाचवं शील आणि मक्याचा वास

बियरचा घोट घेऊन त्यातलं धान्य ओळखायचं, हे माझं पोटापाण्याचं काम. पुण्याजवळच्या एका कारखान्यात आम्ही काहीजण सकाळी, जिभा ताज्या असताना, चव घ्यायला बसतो. जवाला मोड आणून तो किती भाजलाय, यावर सगळा खेळ. साहेबांच्या भाषेत त्या चवींना बिस्किट, टोस्ट, टॉफी म्हणतात. बोरी बुद्रुकच्या आमच्या घरात टॉफी कुठली यायला? मला आठवतो भाकरीचा करपलेला पापुद्रा, नाहीतर म्हशीपुढे ठेवलेलं भिजल्या भुशाचं आंबोण. मनात आंबोण येतं आणि तोंडाने मी बिस्किट म्हणते. पगार बिस्किटाचा मिळतो.

आमचं घर बौद्ध. पौर्णिमेला विहारात वंदना होते, आणि पंचशील लहानपणापासून मी म्हणायची. माईकपुढे मी, मागून सगळी वस्ती. माझा आवाज खणखणीत, त्यामुळे आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, मान ताठ. चौथं शील खोटं न बोलण्याचं, पाचवं नशा न करण्याचं. त्यांनीच मला ती अर्थासकट पाठ करून घेतलेली.

नोकरी लागली आणि वस्तीत सुरू झालं, पोरगी दारू पिते. उचलली जीभ, लावली टाळ्याला. आण्णांनी एकेकाला ठणकावलं की ती नुसती चव घेऊन थुंकते. टीव्हीवर त्यांनी वाइनवाल्यांना थुंकताना पाहिलं होतं. मला विचारायची त्यांना कधी गरज वाटली नाही.

गेल्या वैशाख पौर्णिमेला मी घरी गेले. विहाराकडे निघताना, चपला घालता घालता त्यांनी विचारलं, "थुंकतीस ना गं?"

"न्हाई, आण्णा. थुंकतात ती वाइन. बियरचा कडूपणा घशाशी कळतो. घोटभर गिळावीच लागते."

विहारात पोचल्यावर मी सवयीने पुढे झाले, तर त्यांनी माईक माझ्या धाकट्या चुलत्याच्या, तात्यांच्या हातात दिला. मला म्हणाले, "बायांत बस जा."

तात्या हायवेवरच्या ढाब्यावरून थेट आले होते. मी शेजारून मागे सरकले तेवढ्यात कळलं. स्ट्राँग बियर, जव कमी आणि मका जास्त. उकडलेल्या कणसाच्या पाण्यासारखा गोडसर वास, त्यात ओल्या पुठ्ठ्याचा, म्हणजे बाटली जुनी. नाक बंद थोडंच करता येतं. आणि तात्यांनी पाचवं शील असं काही दणक्यात म्हटलं की पत्रे हादरावेत. वस्तीने मागून म्हटलं. मी म्हटलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा तोंड मिटून बसले, आणि संतापाने माझे कान तापले होते.

घरी परतताना वाटेत आम्ही दोघंच होतो.

"तात्यांच्या तोंडाला वास येत व्हता," मी म्हणाले.

"ठाव हाय मला."

"मंग माईक त्यांना कसा काय दिला?"

आण्णा चिडलेले नव्हते, दमल्यासारखे वाटत होते.

"त्यो इचारलं की पीत न्हाई म्हणतो," ते म्हणाले. "तुला तेवढं बी म्हणता आलं न्हाई?"