रविवारची अदलाबदल

शालिनीताई वानखडे यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या दारात. सायकलवर बसलेल्या, एक पाय ओट्याला टेकवलेला. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त आपण सारे त्यांच्या कार्याबद्दल लिहीत आहोत. मी मात्र लिहायला बसले की तो ओट्यावरचा पायच दिसू लागतो. त्याच वर्षी त्या आमच्या शाळेत खेळशिक्षिका म्हणून बदलून आल्या होत्या, आणि मी शाळेत जाणं थांबवलं होतं.

पातूरच्या अलीकडचं आमचं गाव. दंगल होऊन गेली होती. जळालेली दुकानं पुन्हा रंगवून झाली, पण चौकाच्या एका बाजूचा माणूस दुसरीकडे पाऊल टाकत नव्हता. शाळा पलीकडे होती आणि माझं दहावीचं वर्ष. त्यात कापसाला भाव नसण्याचे ते दिवस. लग्नं कशीबशी उरकली जायची, नव्या गाद्या कोण भरून घेणार? माझे अब्बा पिंजारी. कापसाचे गठ्ठे वाहायची त्यांची सायकल दारातच उभी असे. त्यांनी माझी शाळा बंद केली होती, आणि चाचीनं गुपचूप स्थळ पाहायला घेतलं होतं.

"पोरीले शाळेत कावून धाडत नाही?" बाईंनी विचारलं.

"कशी धाडू, बाई? तिकडून जा लागते."

"मंग तिकडची पोरगी इकडं येईन. जोशी महाराजांची मंगला रोज तुमच्या दारातून नसीमले घेऊन जाईन. तिच्या केसाले धक्का लागला तं मी तुमाले धरीन!"

स्वतःच्या पोरीची भीती घेऊन बसलेल्या माणसाच्या गळ्यात बाईंनी दुसऱ्याची पोरगी घातली होती. पलीकडे पूजा सांगणाऱ्या जोशी महाराजांना त्यांनी कसं पटवलं, हे आजही कोणाला ठाऊक नाही. मंगला म्हणते, दमच भरला असणार. दुसऱ्या दिवशी ती गल्लीच्या तोंडाशी दिसली, तेव्हा अब्बा स्वतः तिला आणायला पुढे गेले. मला त्यांनी आपली सायकल दिली.

मग बाईंनी रविवारच्या फेऱ्या सुरू केल्या. दोन्हीकडच्या मुली पहाटे लेण्यांच्या दिशेनं निघायच्या. दोन्ही बाजूंना फुललेली तूर, वर धुकं. पुढची मुलगी हळूहळू त्या धुक्यात विरून जायची आणि नुसती तिची घंटी ऐकू यायची. कोणाची ओढणी, कोणाची वेणी, काही कळायचं नाही. आपण चालवत नाही, रस्ताच आपल्याखालून वाहतो आहे, असं वाटायचं. मंगला आणि मी आजही भेटलो की एकमेकींना विचारतो, ते खरंच घडलं होतं का गं?

मात्र धुकं विरलं की आमच्या दोन वेगळ्या रांगा दिसायच्या. बाईंच्या ते नजरेत आलं. त्यांनी सगळ्यांना खाली उतरवलं आणि समोरच्या रांगेतल्या मुलीशी सायकल बदलायला लावली. ती घरी न्यायची, पुसायची, हवा भरायची आणि पुढच्या रविवारी परत द्यायची. गठ्ठे वाहायची आमची अवजड सायकल जोशी महाराजांच्या अंगणात गेली. मंगलाची गुलाबी टोपलीवाली आमच्याकडे आली, आणि नजर लागू नये म्हणून अम्मीनं तिच्यावर ओढणी घातली.

अशाच एका आठवड्यात, भर दुपारी अफवा आली. काय झालं ते कधीच कळलं नाही, पण दुकानांची शटरं धडाधड खाली आली. अम्मी दार लावायला धावली, तर अब्बा मंगलाची सायकल बाहेर काढत होते.

"अमानत हाय ते, लोकाची ठेव. इथं इले काही झालं तं तोंड कसं दाखवू?"

मी गच्चीवर धावले; तिथून चौक दिसायचा, आणि त्या शुकशुकाटात बोलणंही ऐकू येत होतं. रिकाम्या रस्त्यावर अब्बा ती गुलाबी टोपली सांभाळत चालले होते. आणि समोरून, धोतर सावरत, आमची सायकल ढकलत जोशी महाराज येत होते. चौकात दोघे थांबले.

"हवा भरली हाय," महाराज म्हणाले.

"इचीबी भरली हाय."

दोघांनी सायकली एकमेकांपुढे केल्या. सायकली बदलल्या की सगळं संपणार, हे मला वरून दिसत होतं. तेवढ्यात रस्त्याच्या मधोमध बाई सायकलवरून आल्या.

"आज रयवार हाय काय?"

"नाही बाई, पण तुमी पाहून राहिल्या ना..." अब्बा म्हणाले.

"पाहून राहिली म्हणूनच सांगून राहिली. आज सायकली परत गेल्या तं उद्या पोरी घरी बसतीन. जिथून आणल्या तिथंच न्या!"

दोन्हीकडच्या गच्च्यांवर माणसं उभी होती. त्या सगळ्यांदेखत दोघांनी निमूटपणे सायकली वळवल्या. महाराज आमची घेऊन गेले, अब्बा मंगलाची घेऊन आले. ज्या ज्या घरी समोरच्या मुलीची सायकल होती, त्या घरचा बाप त्या दिवशी दारात बसून राहिला, अमानतीची राखण करत. गावात काही झालं नाही. दुसऱ्या सकाळी मंगला नेहमीसारखी मला घ्यायला आली, चाचीनं स्थळाचा विषय सोडला आणि मी दहावी झाले. आज अमरावतीला राजापेठेत मी मुलींचे क्लास घेते, ते बाईंमुळे. हे ऋण मला फार प्रिय आहे.

मागल्या वर्षी, आता अकोल्यात राहणाऱ्या बाईंच्या गुडघ्यांनी दगा दिला. त्यांनी आपली सायकल माझ्याकडे पाठवून दिली, वापर म्हणून. मी त्याच आठवड्यात माझी सायकल अकोल्याला नेऊन त्यांच्या ओट्यावर उभी केली.

"मले काय करा लागते इची आता?" बाई रागावल्या.

"अदलाबदल आहे बाई. नियम तुमचाच."

आता त्या खुर्चीत बसून रोज माझी सायकल पुसतात, असं मंगला सांगते.

बाई, तुमची सायकल मी लखलखीत ठेवली आहे, हवाही भरली आहे. पण ती परत आणायचा रविवार मी ठरवलेला नाही आणि ठरवणारही नाही. तोवर माझी अमानत तुमच्या ओट्यावर आहे. ती टाकून तुम्हाला कुठेही जाता येणार नाही.