सावलीवरून अडलेली सोयरीक

मंडळी, आज आई आणि मामांबरोबर उचगावला मुलगी बघायला गेलतो. आपली जादूगार राजाची मालिका तीही बघते म्हटल्यावर मी लई खूश झालो.

पोहे देता देता ती म्हणाली, "पहिल्याच भागात राक्षसानं राजाची सावली कापून नेली. मग शेवटच्या लढाईत त्याची सावली पडती कशी?"

मी म्हटलं, "सावली परत उगवते."

"सावली म्हंजे काय ऊस हाय व्हय, तोडला की परत फुटायला?"

दोघांचे आवाज चढले. मामांनी चपला घातल्या. तिच्या वडिलांनी हात जोडले, "पावणं, जमत नसंल तर ऱ्हाऊ द्या की."

ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या कसं? रविवारी उत्तर घेऊन येऊ देत."

आई म्हणते, तिचंच बरोबर हाय म्हणून मोकळा हो.

पण मंडळी, सावली उगवतेच ना?